इब्री सहा वाचायचं तर नवव्या ओवीपर्यंत

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

मावशी, सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, आता पुण्यात नर्स आहे. घर जुनं ख्रिस्ती, आजोबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, नंतर संडे स्कूलही शिकवलं. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत वडील गेले. तेव्हा मी दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात ड्युटीवर होते, शेवटचं बघताही आलं नाही. त्या रात्री देवाला नको ते बोलले. तू नाहीसच, आणि असलास तर मला नकोस, असं मोठ्यानं म्हटलं. त्यानंतर तीन वर्षं चर्चची पायरी चढले नाही. कोणी विचारलं तर मी काही मानत नाही असंच सांगायचे. आता मन पुन्हा ओढायला लागलंय. एका मैत्रिणीबरोबर तिच्या फेलोशिपला जाते. तिथल्या पास्टरांनी बायबलमधलं इब्री सहा उघडून सांगितलं, की ज्यांनी विश्वास चाखून सोडला त्यांचं तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, जातं. आणि माझा लहानपणचा बाप्तिस्मा तर धरलाच जात नाही, म्हणून नव्यानं पाण्यात उतर. आत्या म्हणते, एकदा तारलं की तारलं, कशाला डोकं पिकवतेस. वॉर्डातली वसईची मैत्रीण कॅथलिक आहे, ती म्हणते कन्फेशन कर आणि मोकळी हो. मला झोप येत नाही. पापकबुलीची प्रार्थना मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणते, कधी कधी पहाट होते. चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, घ्यायची हिंमत होत नाही. मावशी, माझं तारण गेलं का?
– श., पुणे


सलाम, श.

उत्तर आधी देते, कारणं मागून. तुझं तारण गेलेलं नाही. ख्रिस्ती माणसाचं तारण कधी जाऊ शकतं का, हा निराळा प्रश्न आहे. त्यावर मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं वाद चालू आहे आणि तो या पानावर मिटायचा नाही. तुझ्या पास्टरांनी या दोन प्रश्नांची एकच गाठ मारून दिली, म्हणून तू रात्र रात्र जागी आहेस.

आधी इब्रीकरांस पत्राचा सहावा अध्याय घेऊ, चार ते सहा ओव्या. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दान चाखलं, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि मग पतन पावले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, कारण ते देवाच्या पुत्राला नव्यानं वधस्तंभावर खिळतात आणि त्याची उघड अप्रतिष्ठा करतात. वचन कडक आहे आणि ते मी पातळ करणार नाही. पातळ करणारे पुष्कळ आहेत. कोणी म्हणतं, हे नुसतं ‘समजा असं झालं तर’ एवढंच आहे. कोणी म्हणतं, ती माणसं मुळात खरी विश्वासणारी नव्हतीच. कोणी म्हणतं, इथे तारण जात नाही, फक्त प्रतिफळ जातं. तिन्ही मतांमागे विद्वान उभे आहेत. मला मात्र ते सरळ वाचलं की वाटतं, लेखक खऱ्या विश्वासणाऱ्यांना खराच धोका सांगतोय.

पण सांगतोय कोणाला, ते बघ. हे पत्र थकलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. विश्वासापायी त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, तीही त्यांनी आनंदानं सोसली होती, हे दहाव्या अध्यायात येतं. आता ती माणसं ढिली पडत चालली होती, काहींनी एकत्र जमणं सोडलं होतं, ख्रिस्ताला सोडून मागे फिरावं असं मनात येत होतं. पाठ फिरवू पाहणाऱ्याला लेखक ओरडून सांगतोय, पुढे पाऊल टाकू नकोस. तू त्याच वाटेवरून उलट दिशेनं परत येते आहेस. जाणाऱ्याला थांबवणारी हाक ऐकून येणारीनं का थांबायचं?

आणि साधी गोष्ट लक्षात घे. ज्याला पश्चात्तापाकडे आणणं अशक्य झालंय, त्या माणसाची खूण काय? तो पश्चात्ताप करत नाही. त्याला त्याची गरजच वाटत नाही. असा माणूस पहाटेपर्यंत पापकबुली म्हणत बसत नाही आणि सल्ल्याच्या सदराला पानभर पत्र लिहीत नाही. तू जे करते आहेस तेच त्या ओवीत अशक्य म्हटलं आहे, आणि तू ते करते आहेस. म्हणजे ती ओवी तुझ्याविषयी नाही.

पास्टरांनी आठव्या ओवीवर, काटेकुसळांच्या जमिनीवर, पुस्तक मिटलं असावं असा माझा अंदाज आहे. बहुतेक जण तिथेच मिटतात. नववी ओवी वाच. आम्ही असं बोलत असलो तरी, प्रियजनहो, तुमच्याविषयी याहून चांगल्या आणि तारणाच्याच गोष्टींची आमची खात्री आहे, असं लेखक लगेच म्हणतो. ज्यांना इतकं घाबरवलं त्यांनाच तो ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि त्यांच्यावर भरवसा ठेवतो. उद्या पास्टर दहावा अध्याय काढतील, सव्विसावी ओवी, बुद्धिपुरस्सर पाप करत राहण्याविषयीची. तिथेही तीच चाल आहे. आधी जबर इशारा, मग शेवटच्या ओवीत ‘आपण मागे फिरून नाश पावणाऱ्यांतले नाही, विश्वास धरून जीव राखणाऱ्यांतले आहोत’ असा धीर. पहिला अर्धा वाचून दाखवणं आणि दुसरा गाळणं याला मी उपदेश म्हणत नाही.

हा प्रश्न तुझ्याआधी, तुझ्याहून कितीतरी अवघड रूपात, मंडळीपुढे आला होता. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसनं हुकूम काढला, की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा. असे दाखले पपायरसवर लिहिलेले इजिप्तमध्ये सापडलेही आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काही मेले. पण त्याहून किती तरी जणांनी जाऊन धूप जाळला. काहींनी बळी न देता नुसता दाखला विकत घेतला. (लाच देऊन दाखला मिळवण्याची सोय तेव्हाही होती, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.) छळ ओसरला तेव्हा ही माणसं रडत मंडळीच्या दाराशी आली. आता यांचं करायचं काय?

रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू होता. तो म्हणाला, यांना दार बंद. तिकडे आफ्रिकेत कार्थेजचा बिशप सिप्रियन होता. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे बोलणी त्यालाही खावी लागली होती. २५१ साली कार्थेजला बिशपांची सभा भरली. ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांना चौकशी करून परत घ्यावं, ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं आणि निदान मरणसमयी तरी त्यांना भोजनाला घ्यावं, असं ठरलं. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. संकट दारात असताना माणसाला उपाशी ठेवून लढाईला कसं पाठवायचं, असा तो विचार होता. मंडळीनं सिप्रियनची वाट धरली. नोव्हेशियनचे लोक वेगळे झाले आणि काही शतकांनी संपले. आणि गंमत अशी, की देव यांना क्षमा करणारच नाही असं खुद्द नोव्हेशियनही म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं, ते देवावर सोपवा, मंडळीला तो अधिकार नाही. तुझे पास्टर त्याच्याही पुढे गेले.

तुझ्या अन् त्यांच्या गोष्टीत फरक आहे, मला माहीत आहे. त्यांच्या मानेवर तलवार होती. तुझ्या छातीवर बापाचं मरण होतं, आणि ते कमी वजनाचं होतं असं मी म्हणणार नाही.

आता त्या रात्रीचं बोलणं. तू सरळ लिहिलं नाहीस, पण पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाची धास्ती तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. मत्तय बारा काढ. येशूनं एका आंधळ्या-मुक्या माणसाला बरं केलं. परूशी, म्हणजे त्या काळचे कडक धर्मनिष्ठ यहुदी, समोर उभे राहून सगळं बघत होते, आणि थंड डोक्यानं म्हणाले, हे सैतानाच्या जोरावर चाललंय. देवाचं काम डोळ्यांनी पाहून, समजून, त्याला सैतानाचं ठरवणं, हा तिथला संदर्भ. मुलगी बापाला शेवटचं बघू न शकल्यावर रात्री अंधाऱ्या खोलीत ओरडली, तो हा प्रसंग नव्हे. तुझ्या ओरडण्याची जागा शास्त्रात दुसरीकडे आहे. यिर्मयाचा विसावा अध्याय वाच. तो संदेष्टा परमेश्वराला तोंडावर म्हणतो, तू मला फसवलंस, आणि पुढे आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखावर संपतं, शेवटी ‘तरीही मी स्तुती करीन’ असंसुद्धा नाही. ज्यांनी शास्त्र संपादून आपल्या हाती दिलं, त्यांनी ही पानं फाडून टाकली नाहीत. ‘तू नाहीसच’ हे तू कोणाला सांगत होतीस, याचाही एकदा विचार कर.

आत्याच्या ‘कशाला डोकं पिकवतेस’वर मात्र माझा आक्षेप आहे. ती तीन वर्षं काहीच नव्हती असं मी तुला सांगणार नाही, आणि तुलाही ते पटणार नाही. तू सोडून गेली होतीस. येशूचा शिष्य पेत्रही गेला होता. अंगणातल्या शेकोटीपाशी त्यानं तीनदा नाकारलं, तेही शपथा वाहून. त्याच्याआधीच येशूनं त्याला सांगून ठेवलं होतं, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. लूक बावीस, बत्तीस. ‘वळलास म्हणजे’ असं तो म्हणाला. वळावं लागणार हे धरूनच.

आत्याचं वाक्य आपल्याकडे मिशनऱ्यांच्या काळापासून फिरतंय, आणि फिरता फिरता त्याचं बरंच सामान सांडलंय. त्यामागची शिकवण प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतली. नेदरलँड्समध्ये डॉर्ट या गावी १६१८-१९ मध्ये मोठी सभा भरली, तिनं ती पक्की लिहून काढली. त्या लेखात काय आहे ते आत्याला ऐकव. विश्वासणारे भयंकर पापात पडू शकतात, दावीद आणि पेत्र ही तिथली उदाहरणं. त्यांना काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही राहत नाही. पण देव आपल्या माणसांना कायमचं पडू देत नाही, तो त्यांना वचनानं आणि आत्म्यानं पुन्हा पश्चात्तापाला आणतो. म्हणजे ‘एकदा तारलं, आता काहीही करा’ असं डॉर्ट म्हणत नाही. देव तुला सोडणार नाही, म्हणूनच तो तुला परत ओढून आणेल, असं म्हणतं. या दृष्टीनं पाहिलं तर तुझ्या मनाची ही ओढच त्या शिकवणीचा पुरावा ठरते.

ज्यांच्याविरुद्ध डॉर्टची सभा भरली त्या डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली पाच मुद्दे मांडले होते. चार मुद्द्यांवर ते ठाम होते. पाचव्यावर, म्हणजे नेमक्या तुझ्या प्रश्नावर, त्यांनी लिहिलं की शास्त्राचा अधिक शोध घेतल्याशिवाय आम्ही खात्रीनं शिकवणार नाही. मला हे फार आवडतं. वाद पेटलेला असताना ‘अजून वाचतोय’ म्हणणारे धर्मपंडित किती निघतील? नंतर त्यांचं मत ‘तारण जाऊ शकतं’ असं बनलं. पुढच्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली त्याच बाजूला उभे राहिले. माणूस कृपेतून पडू शकतो, आणि पडलेला पुन्हा उभाही राहू शकतो, हे दोन्ही ते सारख्याच जोरानं सांगत. पडून परतलेली माणसं त्यांनी स्वतः पाहिली होती, त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा उपदेशच लिहिला.

वसईच्या मैत्रिणीची मंडळी तिसरं सांगते. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेनं १५४७ मध्ये ठरवलं, की गंभीर पापानं कृपा जाते आणि प्रायश्चित्ताच्या संस्कारानं ती परत मिळते. शेवटपर्यंत टिकेनच असं कोणी, देवाच्या खास प्रकटीकरणाशिवाय, छातीठोकपणे म्हणू नये. तुझी मैत्रीण तिच्या परीनं अगदी बरोबर सल्ला देते आहे. तू कॅथलिक नाहीस, म्हणून तो संस्कार तुझ्यासाठी नाही. पण मनातलं पाप एका जिवंत माणसासमोर तोंडानं बोलून टाकावं, ही तिची गोष्ट मी उचलून धरते. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोबानंही लिहिलंय. आपण प्रोटेस्टंटांनी फादरची खिडकी बंद केली आणि तिच्या जागी पुष्कळदा काहीच ठेवलं नाही.

माझं मत विचारशील तर मी वेस्लींकडे झुकते. योहान दहामध्ये येशू म्हणतो, माझ्या हातातून मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही. हिसकावणारा कोणी नाही हे मला पक्कं वाटतं, सैतान नाही, मरण नाही, तुझं वाईटात वाईट वर्षही नाही. पण जो स्वतःच निघून जायचं ठरवतो आणि ठरवतच राहतो, त्याला देव जबरदस्तीनं बांधून ठेवतो असं मला शास्त्रात दिसत नाही. तारण किल्ल्यांच्या जुडग्यासारखं कुठे तरी विसरून राहत नाही, की बसमध्ये पडलं आणि घरी आल्यावर कळलं. ते सोडायचं तर जाणूनबुजून, धरून धरून सोडावं लागतं. माझी एक जवळची मैत्रीण डॉर्टवाली आहे, ती म्हणते तू देवाला दुबळा करतेस. आमचं कधी पटलेलं नाही. नागपूरला १९७० मध्ये सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा अशी दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर येऊन बसली. एकच गीत गातात, एकाच मेजावर जेवतात. या मुद्द्यावर निकाल लागल्याशिवाय प्रभुभोजन नाही असं कोणी म्हटलं नाही.

तुझ्यासाठी त्यातून इतकंच घ्यायचं. आत्याचं डॉर्ट, मैत्रिणीचं ट्रेंट, माझे वेस्ली, सिप्रियनची ती जुनी सभा, सगळे एकमेकांशी भांडतात. पण दारात उभ्या असलेल्या बाईला काय सांगायचं यावर त्यांचं भांडण नाही. सगळे म्हणतात, ये. मग वादाचा निकाल लागेपर्यंत तू बाहेर का उभी राहतेस?

रात्रीच्या प्रार्थनेविषयी मात्र मला काळजी वाटते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात जॉन बन्यन नावाचा भांडी सांधणारा माणूस होता. यात्रेकरूची त्याची गोष्ट आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून मराठीत वाचली जायची, तुझ्या आजोबांनीही वाचली असेल. यात्रेकरू लिहिण्याच्या बऱ्याच आधी तो तुझ्याच जागी होता. ‘ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक’ असा विचार त्याच्या डोक्यात जेवताना, काम करताना, झोपताना घणासारखा वाजत राही. तो ‘नाही, नाही’ म्हणत झगडे. एका सकाळी अंथरुणातच दमून त्याच्या मनात आलं, जायचं तर जाऊ दे त्याला. झालं! एका जेवणासाठी ज्येष्ठपण विकणाऱ्या एसावासारखं आपणही विकलं, आता रडूनही पश्चात्तापाला जागा नाही, असं त्यानं धरलं. ते वचनही इब्रीकरांस पत्रातलंच, बारावा अध्याय. पुढे दोनेक वर्षं तो जळत राहिला. मग एकदा शेतातून चालताना त्याच्या मनात आलं, की माझं नीतिमत्त्व स्वर्गात आहे, देवाच्या उजवीकडे बसलेला ख्रिस्तच ते आहे. माझं मन आज चांगलं असलं म्हणून ते वाढत नाही आणि वाईट असलं म्हणून घटत नाही.

तू रात्री करतेस ते नेमकं याच्या उलट आहे. प्रार्थना ‘मनासारखी’ झाली का हे तू तपासतेस. मन हे मोजमाप धरलंस तर पहाटच होणार, दुसरं काय? आपण पापं कबूल केली तर क्षमा करायला तो विश्वासू आहे, असं योहान लिहितो. विश्वासू तो आहे. तुझी कबुली किती सुरेख झाली, याचा तिथे उल्लेखही नाही. म्हणून रात्री कबुलीची प्रार्थना एकदा म्हण, आमेन म्हण, दिवा मालव. पुन्हा म्हणावंसं वाटेल, फार वाटेल. म्हणू नकोस. नीट झाली नाही असं वाटत असतानाच झोप.

आणि हे महिनाभर करूनही जमलं नाही तर डॉक्टरांना भेट. तू नर्स आहेस, ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, तुला मी समजावायला नको. तो हात धुण्यापुरताच नसतो, धर्माच्या विषयावरही येतो. पाप, क्षमा, शुद्धता यांवर तोच तोच विचार आणि तीच तीच कृती, हे मानसोपचारतज्ज्ञांना चांगलं ओळखीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुला तोच त्रास आहे असं मी इथे बसून ठरवत नाही. शिवाय कोविड वॉर्डातली ती ड्युटी आणि वडिलांचं जाणं, याचं दुःख तू कधी कोणाजवळ नीट मोकळं केलंस का, तेही पत्रात कुठे दिसलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटला तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कोणी म्हणालं तर त्याला विचार, रक्तदाबाची गोळी तू कोणत्या विश्वासानं घेतोस?

आता पुनर्बाप्तिस्मा. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यावर ख्रिस्ती लोकांत प्रामाणिक मतभेद आहे. उत्तर भारताच्या मंडळीत तर दोन्ही पद्धती मान्य आहेत, कारण एकत्र येताना बॅप्टिस्टही त्यात आले. पास्टर त्यांच्या मताप्रमाणे वागतात, त्यावर माझं म्हणणं नाही. पण ते दोन गोष्टी एका श्वासात बोलले. परत येणं अशक्य आहे, आणि पुढच्या रविवारी पाण्यात उतर. अशक्य असेल तर पाणी कशाला, आणि पाण्यानं भागत असेल तर अशक्य कसलं? चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोस याच ओवीवर नोव्हेशियनच्या पंथाशी वाद घालत होता. त्यानं तिचा अर्थ लावला तो ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, इथे बाप्तिस्म्याविषयी बोलणं चाललंय. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर वधस्तंभी जातो आणि ख्रिस्त दोनदा मरत नाही, म्हणून अशक्य आहे ते दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणं. पश्चात्ताप करून परतणं अशक्य नाही. शिवाय माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य, हेही त्यानं वर जोडलं. अँब्रोसचा अर्थ सगळ्यांना पटतो असं नाही. पण ज्या ओवीच्या धाकानं तुला दुसऱ्यांदा पाण्यात उतरवायचं चाललंय, तीच ओवी दुसऱ्या बाप्तिस्म्याविरुद्ध वाचणारा एवढा जुना माणूस आहे, हे पास्टरांच्या कानावर घाल.

तुला पुढे कधी, शांतपणे अभ्यास करून, वाटलं की प्रौढपणी विश्वासानं घेतलेला बाप्तिस्माच खरा, तर तो तुझा निर्णय, तेव्हा मला आणखी एक पत्र लिही. भीतीनं घेऊ नकोस. भीतीनं घेतलेला बाप्तिस्मा पुढच्या भीतीला पुरत नाही. तो बरोबर झाला का, पूर्ण बुडाले का, मनापासून होता का, यावर तुझी पुन्हा पहाट होईल. आणि आईचाही विचार कर. नवरा गेला, मुलगी देव सोडून गेली, आता परत आली ती ‘तुम्ही मला दिलेला बाप्तिस्मा खोटा होता’ असं सांगत, हे तिच्या वाट्याला विनाकारण येऊ देऊ नकोस.

‘तुझ्या तारणाची तारीख कोणती’ असंही फेलोशिपमध्ये विचारतील. तारीख सांगता आली नाही म्हणून घाबरू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यांच्यासारख्या बाईचं सगळं एका दिवसात झालं नाही, तर तुझ्या-माझ्या तारखा कोण विचारतो?

त्या फेलोशिपला जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. मैत्रिणीनं तुला हाताला धरून परत आणलं, तिचे उपकार आहेत. पण पास्टर पुन्हा पुन्हा तुझ्या भीतीवरच बोट ठेवत असतील, आणि ती भीती फक्त त्यांच्याच हातून, त्यांच्याच पाण्यात जाते असं सांगत असतील, तर रविवारी दुसरीकडे जा. पुण्यात मंडळ्यांना तोटा नाही.

राहिलं प्रभुभोजन. तू पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाला भितेस ना, अयोग्य रीतीनं खाण्या-पिण्याविषयी जे लिहिलंय त्याला? करिंथमध्ये काय चाललं होतं ते वरच्याच ओव्यांत आहे. पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तट्ट होत, आणि गरीब मागून येऊन उपाशी राहत. पौल त्यावर संतापलाय. पश्चात्तापानं परतलेल्या बाईनं लांब बसावं, असं तो कुठेही म्हणत नाही. अठ्ठाविसाव्या ओवीत तो म्हणतो, माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा तू गरजेपेक्षा जास्त केली आहेस. उरलेलं अर्धं वाक्य अजून केलेलं नाहीस. या महिन्यात मंडळीच्या पाळकसाहेबांना आधी भेट, त्या रात्रीचं आणि त्या तीन वर्षांचं एकदाच सांगून टाक, आणि भोजनाच्या रविवारची ड्युटी कोणाशी तरी बदलून घे.